दादाच्या नावानं दिलेली माफी

पाद्रीसाहेबांनी माझ्या भावाला फसवलं. बिशपसाहेब तुझ्या डोळ्यासाठी प्रार्थना करणार आहेत, असं सांगून त्याला दवाखान्यातून आणलं आणि समेटाच्या सभेत बसवलं.

बनारसमधल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दादा पहिल्या रांगेत. डाव्या डोळ्यावर पट्टी. शेजारी मी. बिशपसाहेब प्रेमावर बोलले. पाद्रीसाहेब प्रेमावर बोलले. मग मोहल्ल्यातले नेताजी आत आले. आमच्या वस्तीवर माणसं घेऊन आले होते ते हेच. दादानं दोन्ही डोळ्यांनी पाहिलेला तो शेवटचा माणूस.

पाद्रीसाहेबांनी दादाच्या हातात झेंडूचा हार दिला. "पहनाओ भाई. आज से सब भाई-भाई."

दादा उठला. एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं. हार नेताजींच्या गळ्याच्या अलीकडेच सुटला. खाली पडला.

"अरे भाई, गर्दन इधर है!" मागून कोणीतरी ओरडलं.

हॉल हसला. नेताजी हसले. पाद्रीसाहेबसुद्धा हसले. दादा वाकून फरशीवर हार चाचपडत राहिला. शेवटी पाद्रीसाहेबांनीच तो उचलला, नेताजींच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "हमारे लोगों ने दिल से माफ़ किया है. थाने में कोई शिकायत नहीं रहेगी."

टाळ्या.

आम्ही मूळचे नगरकडचे. आजोबांनी महारवाड्यात असतानाच येशूला धरलं. बापाला रेल्वेत खलाशाची, म्हणजे अंगमेहनतीची नोकरी लागली, म्हणून बनारस. आम्ही दोघं इथंच जन्मलो. हा दंगा नव्वदीनंतरचा. आमच्या घरी आठवड्याची प्रार्थना व्हायची, दादा ढोलकी वाजवायचा. त्या संध्याकाळी आधी दगड आला, मग माणसं. "विलायत जाओ!" म्हणून ओरडत होती. दादा शेजारच्या मुगलसरायच्या पलीकडे कधी गेला नव्हता. "नीच जात, ऊपर से ईसाई!" असं म्हणत एकानं ढोलकीवर लाठी उगारली. दादा ढोलकीवर आडवा झाला. तिला वाचवायला गेला होता, स्वतःला नाही. लाठी डोळ्यावर बसली.

माझा धंदा जुन्या साड्यांचा. स्टीलची भांडी द्यायची, जरीच्या साड्या घ्यायच्या, जर जाळून चांदी काढणाऱ्याला विकायच्या. नवरा गेल्यावर एका टोपलीवर उभा केला. दूधविनायकाच्या गल्लीतल्या मराठी ब्राह्मण काकू मराठी बोलायला मिळतं म्हणून मला बोलावतात. दंग्यानंतर गेले तर म्हणाल्या, "अगं, ते तुला थोडंच म्हणतायत? तू तर आपल्यातली." आणि साडी नेहमीसारखी उंबऱ्यावरून टाकली. मी झेलली. काकूंचा राग आला नाही. त्यांनी मला कधी बहीण म्हटलं नव्हतं. पाद्रीसाहेब दर रविवारी म्हणत.

सभेनंतर मी त्यांच्या बंगल्यावर गेले. व्हरांड्यातच उभं केलं त्यांनी.

"बदले में क्या मिला?" मी विचारलं.

"बहन, यह बाज़ार नहीं है."

"आपने दिया है न? तो कुछ लिया भी होगा."

ते चिडले. चिडलेला माणूस खरं बोलून जातो, हे मी दारोदार शिकलेय. चर्चला आणि शाळेला हात लावणार नाही, असा शब्द नेताजींनी दिला होता.

"और बस्ती?"

"बस्ती को प्रभु देखेगा."

म्हणजे वस्तीचं बोलणं निघालंच नव्हतं. डोळा आमचा. भिंती त्यांच्या वाचल्या.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्या चर्चमध्ये द्राक्षरसाचा प्याला एकच, सगळे त्यातूनच पितात. आधी जुनी घराणी पितात, ज्यांचे पणजोबा ब्राह्मण-ठाकुरांतून ख्रिस्ती झाले ती. मग कचेरीतले बाबूलोक. सगळ्यात शेवटी आमचे बाक. आमच्यानंतर त्या प्याल्याला कोणी तोंड लावत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. सगळ्यांना पाठ आहे.

त्या दिवशी पाद्रीसाहेब प्याला घेऊन पुढचे बाक ओलांडून थेट मागे आले. दादासमोर थांबले. सबंध चर्च मान वळवून बघत होतं. सौदा फिसकटायला लागला की मीसुद्धा वर एखादा चमचा टाकते. हा तो चमचा होता.

दादाचा हात उठला. प्याला आधी आपल्याला मिळावा, हे त्यानं जन्मभर मनात ठेवलं होतं. मला ठाऊक होतं.  तरी प्याला अडवायला मी त्यावर हात ठेवणार होते. पण मीही त्याच्या नावानं ठरवलं, तर माझ्यात आणि पाद्रीसाहेबांत फरक काय?

"दादा," मी मोठ्यानं विचारलं, "तू माफ केलंस का?"

दवाखान्यातून आल्यापासून तो धड बोलला नव्हता. म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारते."

त्यानं हात खाली घेतला. "नाही केलं."

पाद्रीसाहेबांना मराठी येत नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कहता है, माफ़ नहीं किया."

प्याला तसाच भरलेला परत गेला. आम्ही तिथून चालत ठाण्यात गेलो. दरोगा हसून म्हणाला, "आपके पादरी तो खुद कह गए हैं, कोई शिकायत नहीं. अब हम किसकी मानें?" दादा बाकावर बसून राहिला. सगळ्यांनी येता-जाता त्याच्या पट्टीकडे पाहिलं. तक्रार कोणी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. अजून जातोय.

पाद्रीसाहेब, माफ करणं चांगलं असेल. दादाला कधी वाटलं तर तो करील. ते त्याचं आहे. तुमच्या डोक्यावर लाठी पडेल त्या दिवशी तुमची माफी तुम्ही वाटा. आता दरोग्यासमोर या, आणि ज्या तोंडानं आमच्या वतीनं बोललात, त्याच तोंडानं सांगा की मी खोटं बोललो. तोवर दर रविवारी मी चर्चच्या दारात उभी राहीन. आत येणाऱ्या एकेकासमोर तुम्हाला हेच विचारीन: माझ्या भावाच्या डोळ्याचा सौदा करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

बोला.