लोंबणारी वायर

आई गेली त्या सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून यादी केली. शवपेटी, फुलं, चर्चमधल्या मिस्साविधीची वेळ, पाहुण्यांचा चहा. मावशी डोळे पुसत म्हणाली, "हिच्या यादीत नाव आल्याशिवाय गिरीज गावात कोणाला मरायची सोय नाही." आम्ही दोघी हसलो, आणि मग हसणं आवरेना तशा रडलो.

यादीत सगळ्यात वर धाकट्या भावाचं काम होतं. तो आखातात नोकरीला. पासपोर्ट व्हिसासाठी जमा केलेला, आठवडाभर तरी हातात येणार नव्हता. त्याने एकच मागितलं, "ताई, पेटी बंद करायच्या आधी मला तिचा चेहरा दाखव." तिकडे फोनवर व्हिडिओ कॉल चालत नाहीत. आमच्या चर्चच्या कॅमेऱ्यावरून मिस्सा इंटरनेटवर थेट दाखवतात, ती लिंक मात्र चालते.

ते नेटवर्क मीच सांभाळते. शेजारच्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. शाळेतून एक वायर सॅक्रिस्टीत येते, म्हणजे फादर झगा चढवतात त्या वेदीमागच्या खोलीत. तिथल्या स्विचमधून, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायच्या डब्यातून, पुढे कॅमेऱ्याला. पहिली बिघडली तर असावी म्हणून दुसरी वायरही आणून ठेवलेली. तिचं एक टोक शाळेत जोडलेलं, दुसरं भिंतीवर लोंबत होतं.

दोन्ही वायरी एकदम जोडल्या की गोल, म्हणजे लूप, तयार होतो. सगळ्यांसाठी निघालेला निरोप एका वाटेने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा जातो. त्याला थांबवणारं कोणी नसतं. काही सेकंदांत असल्या निरोपांची इतकी गर्दी होते की बाकी काही पुढे सरकतच नाही. हे टाळायला स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची सोय असते. स्विच आपसात बोलून एक वाट बंद ठेवतात आणि पहिली तुटली तरच दुसरी उघडतात.

ती सोय मी शाळेत आणि सॅक्रिस्टीत, दोन्हीकडच्या स्विचमध्ये बंद केली होती. वायर खोचल्यावर तो पोर्ट, म्हणजे वायरीची खाच, चालू व्हायला अर्धं मिनिट घ्यायचा आणि कॅमेरा सांभाळणारे गृहस्थ वैतागायचे. "टीचर, तुमचा डबा वामकुक्षी घेतो का?" खरं तर फक्त कॅमेऱ्याच्या पोर्टला लगेच चालू होण्याची सेटिंग देऊन बाकीचं संरक्षण तसंच ठेवता आलं असतं. दहा मिनिटांचं काम. 'सॅक्रिस्टी स्विच, लूप' ही ओळ माझ्या वहीत एका महिन्यातून पुढच्या महिन्यात सरकत राहिली.

मिस्सा चारला सुरू झाली. भावाचा मेसेज आला, "दिसतंय." शेवटच्या प्रार्थनेला दुसरा, "अडकलं." मग, "काहीच नाही." मी पहिल्या बाकावरून उठले.

स्विचवरचे सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकत होते. मी तो बंद करून चालू केला. दोन मिनिटं गेली, पुन्हा तेच. भिंतीवर काही लोंबत नव्हतं. वायरी छान एकत्र बांधलेल्या होत्या. इतकं नीटनेटकं, की माझं लक्षच गेलं नाही. शेवटी एकेक वायर उपटत गेले. चौथी उपटली आणि दिवे शांत झाले. तोवर बाहेरचं गीत थांबलं होतं. पेटीच्या झाकणाचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

तेवढ्यात चर्चचे म्हातारे सेवक आत आले. "बाय, ती वायर निसटलेली, मी सकाळीच लावली. तुज्या आईचा दिवस, कोनाच्या पायात आली असती." सकाळपासून ते एकटे खोली झाडत होते.

"बरं केलंत, काका," मी म्हटलं. अजूनही त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वायरचं शाळेतलं टोक कॉम्प्युटर लॅबच्या स्विचमध्ये होतं, आणि तो सकाळपासून बंद होता; मिस्सा चालू असताना कोणी लॅब उघडून तो चालू केला तेव्हा गोल पूर्ण झाला असणार. कारण आता कळून उपयोग नव्हता. तो कॅमेरा फक्त थेट दाखवतो, साठवत नाही. आणि फोनवर कोणीच काही टिपलं नव्हतं, कारण यादीतली बारावी ओळ माझीच होती: सर्वांना सांगणे, पेटीजवळ फोन काढू नये, कॅमेरा आहे.

तिसऱ्या दिवशी मी स्पॅनिंग ट्री चालू केलं आणि मुद्दाम दोन्ही वायरी लावून पाहिल्या. एका पोर्टचा दिवा नारिंगी होऊन थांबला, म्हणजे ती वाट बंद. नेटवर्कला काही झालं नाही. मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले.

पण दफनाच्या संध्याकाळीच भावाचा साधा फोन आला होता.

"ताई, शेवटी कशी दिसत होती?"

"मी नव्हते रे तिथे."

"म्हणजे?"

"तुझ्यासाठी वायर शोधत होते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे आपण दोघंही नव्हतो," तो म्हणाला. मग, "कोण होतं?"

"मावशी."

"तिला दे."

मावशीने फोन हातात धरला आणि मला म्हणाली, "स्पीकरवर टाक, तू पण ऐक." मग ती सांगत गेली. आईच्या कपाळावर पहिलं कोणी ओठ टेकले, जपमाळ कुठल्या हातात गुंडाळली होती, तोंड किंचित उघडं होतं, जशी दुपारी झोपायची तशीच. भाऊ मध्ये मध्ये विचारत होता, "साडी कुठली?" मी भिंतीला टेकून खाली बसले आणि ऐकत राहिले.