एका बोटाची साथ

मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात लेकीने कीबोर्ड आणून डायनिंग टेबलावर ठेवला. "आई, आता शीक बघू. तुला लहानपणापासून पेटी शिकायची होती ना?" होती. खरंच होती. माहेरी पेटी भावाच्या पुढ्यात आली आणि मी आत कणीक मळत ऐकत बसले. नंतर शाळेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं फायली उचलल्या. त्यामुळे तो कीबोर्ड बघून मला रडूच आलं. लेक पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा वसईला येते, पण आईच्या मनातलं तिला बरोबर ठाऊक, असं मी बिल्डिंगभर सांगत फिरले.

क्लासही तिनेच शोधला. पापडीला एक सर आहेत, रविवारी चर्चमध्ये कॉयरला वाजवतात आणि बाकीचे दिवस घरी शिकवतात. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण सर ते सर. पहिल्या दिवशी त्यांनी मला घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी खायला दिली आणि म्हणाले, "घाबरायचं कशाला मावशी? डाव्या हाताचं एक बोट इथं ठेवा." ठेवलं. आणि काय सांगू! ढोलकी सुरू झाली, खाली बेस घुमायला लागला, मागून व्हायोलिनं आली. उजव्या हाताने मी चार पट्ट्या दाबल्या, तर सर म्हणाले, "बगा! वाजलं की नाय?"

"हे आपोआप वाजतंय का हो?" मी विचारलं होतं बरं का. मी काही बावळट नाही.

"ही नुसती सुरुवातीची साथ मावशी. डावा हात हळूहळू शिकू."

हळूहळू म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. डाव्या हाताचं ते एक बोट एकाच जागी. मी विषय काढला की सर नवीन गाणं काढायचे. मला वाटायचं, असेल बाई, पद्धत असेल. दर रविवारी मी व्हिडिओ काढून लेकीला पाठवायची. तिच्याकडून मेसेजमध्ये टाळ्यांची चित्रं यायची, "आई, किती छान वाजवलंस!" यायचं. नातेवाइकांच्या ग्रुपवर तीच पुढे टाकायची. पेटीवाल्या भावानेसुद्धा लिहिलं, "ताई, कमाल केलीस." त्या दिवशी मी जेवताना दोनदा वाढून घेतलं.

मग यंदा सोसायटीच्या गणपतीत मीच जाहीर केलं, की आरतीला साथ मी करणार. हौस दांडगी! पंधरा दिवस घरी सराव केला. मशीन वाजायचं, त्याच्या तालात मी गायची, सगळं कसं बिनचूक. लेक मुद्दाम सुट्टी काढून आली होती आणि मोबाईल धरून समोर उभी होती.

पहिल्या दोन आरत्या निभावल्या. पण शेवटच्या आरतीत एक जागा येते, तुम्हाला माहीत आहे, जिथे ओळ संपवायची नसते. दम असेल तोवर ताणायची. आमच्याकडे तळमजल्यावरच्या काकांची ती मक्तेदारी. काकांनी डोळे मिटले, हात वर केला आणि सूर धरला. टाळ थांबले, टाळ्या थांबल्या, पोरं श्वास रोखून काकांकडे बघायला लागली. आणि माझं मशीन? ते कोणाच्या बापासाठी थांबतंय! धाडधाड धाडधाड चालूच. मी घाबरून डावं बोट उचललं, तरी ढोलकी चालूच. दोन वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, की बोट काढलं तरी ते वाजतच राहतं. काकांचा सूर हलला, पोरं फिस्कन हसली. कोणीतरी ओरडलं, "काकू, ते बंद करा हो!"

मी हाताला लागेल ते बटण दाबलं. रिदम थांबला. आता निदान सूर तरी द्यावा म्हणून डावं बोट दाबलं, तर त्यातून एकच टूंऽऽ असा केविलवाणा आवाज आला. ना व्हायोलिनं, ना बेस. मी दुसरं बोट टेकवायला गेले आणि मला कळलंच नाही ते कुठे ठेवायचं. आरती लोकांनी नुसत्या टाळ्यांवर पूर्ण केली. घरी येताना लेक म्हणाली, "अगं, काही नाही, मस्त झालं."

पुढच्या क्लासला मी अर्धा तास आधी गेले. आत आठ वर्षांची एक चिमुरडी बसली होती. रिदम बंद. डाव्या हाताची पाचही बोटं पट्ट्यांवर. चुकली की सर तिच्या बोटावर टिचकी मारायचे. "पुन्ना. पुन्ना." मला दोन वर्षांत एकदाही "पुन्ना" म्हणाले नव्हते. माझं सगळं आपलं "वा मावशी!"

ती गेल्यावर मी सरळ विचारलं, "सर, मला हे का नाही शिकवलंत?"

माणूस वाईट नाही. खाली बघत म्हणाला, "मावशी, तुमच्या मुलीनं सांगितलेलं. आई दिवसातून आठ-दहा वेळा फोन करते, मीटिंगमदीसुद्धा. तिला कशात तरी रमवा. फार शिकवत बसू नका, कंटाळून सोडंल."

रमवा! अहो, रमवतात ते तान्ह्या पोराला, खुळखुळा हातात देऊन. सरांचा राग नाही आला, देवाशपथ. पण माझ्या मनातलं जिला बरोबर ठाऊक होतं, तिने माझी तीच हौस माझं तोंड बंद करायला वापरली. आणि मी तिला टाळ्या मागत बसले.

मी लेकीला काही बोलले नाही. तिला फोन करणं मात्र थांबवलं. बुधवारी मुलांच्या बॅचला बसते. सर टिचक्या मारतात, करंगळी दुखते, ती चिमुरडी माझ्या चुका मोजून दाखवते.

मागच्या रविवारी लेकीचा मेसेज आला, "आई, हल्ली व्हिडिओ नाही?" मी मोबाईल टेकवून ठेवला, रिदम लावला, डावं बोट एकदा दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. तीन मिनिटं मशीन एकटं वाजत राहिलं. मी कॅमेऱ्याकडे बघत होते. तेवढं सगळं पाठवून दिलं.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. टाळ्या, टाळ्या, टाळ्या. "आई, किती छान वाजवलंस!"