उष्टी बंदूक

सुमनमावशी कार्डिफहून आमच्याकडे मेडनहेडला आली, की दुसऱ्या दिवशी लंडनच्या एका म्युझियममध्ये भांडायला जायची. भांडण काचेतल्या ली-मेटफर्ड रायफलच्या पाटीशी होतं: ‘ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांची एकोणिसाव्या शतकातली विश्वासू सोबतीण.’

मावशी हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर, आवाज तिथेच कमावलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती सांगायची, ‘‘ही पाटी खोटी आहे.’’ तेवढ्यात मी गिफ्ट शॉपमध्ये पेन्सिली निरखायला सटकायचो. आमच्या घरी अजून पेन्सिल विकत आणावी लागत नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये माझी पाळी.

‘‘मिळाल्या का पेन्सिली, शूरवीर?’’

‘‘मावशी, एवढी जुनी बंदूक. कुणाला पडलंय?’’

‘‘मला पडलंय. बोल्ट ओढून भराभर झाडायची ही बंदूक गोऱ्यांना दिली, आणि त्यांनी टाकलेली जुनी मार्टिनी रायफल माझ्या आजाला. प्रत्येक गोळी झाडली की पुढची हाताने भर. सत्तावन्नच्या बंडानंतर त्यांचा नेमच होता, आपल्या शिपायाचं हत्यार एक पायरी मागचं. मग नवी बंदूक आपल्या पलटणींपर्यंत पोचायच्या आत महारांची भरतीच बंद. गावात उष्टं, पलटणीतही उष्टं. आणि हे लिहितात सोबतीण.’’

डब्यातले लोक पेपरमागून बघायचे. मी खिडकीबाहेर.

१९९० सालानंतर एकदा म्युझियमने पाटी बदलल्याचं कळलं. मी मोठ्या उत्साहाने मावशीला बोलावून घेतलं. घशाच्या ऑपरेशनने तिचा आवाज गेला होता, नुसती कुजबुज उरली होती. साडीवर जाड कोट चढवून ती काचेपुढे उभी राहिली. नवी पाटी होती: ‘ब्रिटिश सैनिकांची एकोणिसाव्या शतकातली विश्वासू सोबतीण.’

‘भारतीय’ तेवढं काढून टाकलं होतं.

‘‘खोडलं मेल्यांनी,’’ ती कुजबुजली. ‘‘खोटं खोडलं, पण खरं लिहायला हात धजला नाही.’’

शेजारी एक जोडपं पाटी वाचत होतं. मावशीने माझ्या बाहीला धरलं. ‘‘बोल.’’

माझे पाय सवयीने गिफ्ट शॉपकडे वळले होते. पण ती पाटी पुन्हा वाचली आणि कानशिलं तापली. ‘‘ही पाटी अर्धीच आहे,’’ मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, पण पणजोबांची मार्टिनी, बंद झालेली भरती, सगळं सांगितलं. मावशी मध्येच बाही ओढून चुका दुरुस्त करत होती.

त्या हिवाळ्यात ती गेली. पाटी तशीच आहे. मी अजून तिथे जाऊन उभा राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतो. माझी मुलगी तेवढ्यात पेन्सिली बघायला जाते.