शबनमची तिसरी दौड

निखिलभाऊंनी मला घड्याळ दाखवलं. "बाई, दुसऱ्या दौडीलेही तेवढेच सेकंद. तुमची घोडी तर थकूनच नाई राह्यली!"

आम्ही बल्लारपूरच्या बाहेर, वर्धा नदीच्या काठच्या मैदानात उभे होतो. एप्रिलचे सकाळचे दहा. आमच्याकडे त्या वेळी दगडावर हात ठेववत नाही. माझा भाऊ रशीद शबनमवर बसला होता. मी जन्मभर वरातीच्या घोड्या सांभाळल्या, शबनम त्यातली शेवटची.

आता काम काय होतं ते सांगते. निखिलभाऊ चंद्रपूरचे. ते युद्धाचे खेळ बनवतात. टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडायचे, मोजपट्टीने सरकवायचे, फासे टाकून लढाई ठरवायची. हसू नका, मोठी माणसं दिवस दिवस खेळतात. त्यांच्या नियमात घोडदळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखंच धावायचं. म्हणून त्यांनी मला ॲडव्हायझर केलं. मी शाळेत चौथीपर्यंत, पण घोडा मला वाचता येतो, असं मी समजत होते.

पहिली गोष्ट मी लवकर सुधारली. हल्ला झाला की घोडे ओळीत राहत नाहीत. कोणी पुढे निघून जातो, कोणी वळतो, कोणाच्या पाठीवर स्वारच उरत नाही. "ओळ तुटली का ते घोडदळ नाई, नुसते घोडे हायेत," मी म्हटलं. म्हणून दौडीनंतर तुकडी विस्कटून मांडायची आणि पुन्हा जमवायला एक पूर्ण खेळी द्यायची, असं ठरलं.

दुसरी गोष्ट थकव्याची. निखिलभाऊंना तक्ता हवा होता, की प्रत्येक दौडीला वेग किती इंच कमी करायचा. त्यासाठी ही मोजणी. दोनच फेऱ्या ठरल्या होत्या.

"बस झालं," मी म्हटलं. "उतर रे रशीद."

"एक आखरी, बाई. वेग उतरलाच नाई तर मी लिहू काय?"

रशीद म्हणाला, "आपा, ऊन लय हाय. राहू दे."

मी शबनमकडे पाहिलं. कान टवकारलेले, मान ताठ. खरं सांगू? ती थकली नाही हे ऐकून मला गुदगुल्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "जाऊ दे एक."

तिसरी दौड अर्ध्या सेकंदाने जास्तच वेगात झाली. निखिलभाऊंनी टाळी वाजवली. शबनम थांबली, पुढचे पाय फाकले, मागचे थरथरायला लागले. मी मानेवर हात ठेवला. कातडी कोरडी आणि तव्यासारखी तापलेली. घोड्याचा घाम बंद झाला की समजायचं, आतली आग बाहेर यायचा रस्ता बंद झाला. आम्ही बादल्यांनी पाणी ओतलं. डॉक्टर येईपर्यंत ती खाली बसली होती. दुपारी गेली. रशीद माझ्याशी महिनाभर बोलला नाही, आणि बरोबरच केलं त्याने.

निखिलभाऊ नंतर घरी आले. मान वर करेनात. "बाई, तो थकव्याचा नियमच काढून टाकतो."

"काढू नका. मी सांगते तसा लिहा."

नियम असा. प्रत्येक दौडीला पिशवीतून आकड्याची एक चकती काढायची. ती फक्त समोरच्या खेळाडूने पाहायची. घोडा शेवटपर्यंत पूर्ण वेगाने धावणार. चकत्यांची बेरीज ठरलेल्या आकड्यावर गेली की समोरचा म्हणणार "बस", आणि ती तुकडी टेबलावरून उचलायची. परत येणार नाही.

निखिलभाऊ म्हणाले, "लोक चिडतीन, बाई. आपला घोडा किती थकला हेच मालूम नाई पडत."

"मलेई नाई पडलं."

नियम छापला गेला. काही लोक तो गाळून खेळतात, असं कळलं. खेळ आहे, चालतं. घोडा पाळणाऱ्यांना मात्र एवढंच सांगते: वेग पाहून थकवा कळत नाही. दोन फेऱ्या ठरल्या असतील, तर दोनच पळवा.