रिकाम्या खाटेचे ठोके

घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये आमच्या कंपनीचं नवं मॉनिटर चाचणीला लावलं होतं. बोटाच्या क्लिपमधून नाडीचे ठोके पडद्यावर नेणारा ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा प्रोग्राम, मी लिहिला होता. दुसऱ्याच दुपारी वॉर्डच्या सिस्टरचा फोन अंधेरीच्या ऑफिसात आला.

"मॅडम, एक नंबरचे आजोबा एक्स-रेला गेलेत. क्लिप काढली, वायरही काढली. तरी ठोके चालूच!"

मला खरंच वाटेना. जाऊन बघते तर खाट रिकामी, वायर टेबलावर आणि पडद्यावर आजोबांच्या नावापुढे बहात्तर.

"त्यानंतर नवीन कुणाला जोडलंत?"

"दोन नंबरच्या काकूंना."

काकूंची क्लिप मी माझ्या बोटाला लावली. धावत आले होते. दोन्ही नावांपुढचा आकडा एकदमच एकशे दहावर गेला. माझे ठोके, आजोबांच्या नावावर!

"उद्या कुणाचे ठोके थांबले आणि ह्यावर दुसऱ्याचेच दिसले, तर मी धावणार कशी?" सिस्टर म्हणाली. जुनं मॉनिटर शेजारी चालू होतं, म्हणून निभावलं. आमचं मी तिथेच बंद केलं.

चूक एका ओळीची होती. प्रत्येक क्लिपसाठी मेमरीत एक जागा असते. प्रोग्रामचे किती भाग ती वापरताहेत, त्याचा आकडा ठेवलेला असतो; वापरायला घेणारा भाग तो एकने वाढवतो, काम संपलं की एकने कमी करतो. आकडा शून्य झाला की जागा दुसऱ्याला मिळते. क्लिप सैल झाल्याची नोंद करताना मी आकडा एकदा कमी करत होते आणि वायर काढल्यावर पुन्हा. पडदा अजून तिथूनच वाचत होता, पण आकडा शून्य. ती जागा काकूंच्या क्लिपला गेली.

ऑफिसात साहेबांना सांगितलं, "माझी चूक आहे. मशीन परत आणलंय."

ते म्हणाले, "ज्या ज्या ठिकाणी आकडा कमी होतो, त्या प्रत्येक ठिकाणी तो कुणी वाढवला होता, ते मला दाखव."

दाखवताना अशीच आणखी एक चूक सापडली. मला पाणी प्यावं लागलं.

सगळं दुरुस्त करून महिन्याभराने मशीन परत नेलं. सिस्टरने नमस्कारही न करता आधी वायर उपटली. पडद्यावरचे ठोके लगेच गेले.

"परत एकदा," ती म्हणाली.

तिने ती सात वेळा उपटली. मी दर वेळी श्वास रोखून उभी होते.