साउंडवाल्या काकांचा डबा आणि तिसरी अट

कोणत्याही सभागृहात शिरले की काका आधी मंचाकडे पाठ करायचे. आयोजक बॅनर आणि पाहुण्यांच्या खुर्च्या दाखवायला धावत यायचे, तोवर काका शेवटच्या भिंतीशी जमिनीवर मांडी ठोकून बसलेले असायचे. तिथूनच ओरडायचे, "मंच राहू द्या बाप्पा! इथं कोण बसते, ते सांगा पहिले."

मंडळी, साउंडवाले तुम्हीही पाहिले आहेत. खोके रचायचे, "हॅलो, चेक, चेक" म्हणायचं आणि चहाला निघून जायचं. काका चहासुद्धा त्या शेवटच्या भिंतीशीच मागवायचे. सक्करदऱ्यात त्यांचं गोदाम होतं, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. लग्नं, भागवत सप्ताह, शाळांची गॅदरिंग, झाडून सगळ्या पक्षांच्या सभा, सगळीकडे त्यांचेच स्पीकर. मला हे मान्य नव्हतं.

"काका, काल ज्यांच्या सभेला तुम्ही साउंड दिला, आज त्यांच्याच विरोधात आमची सभा आहे," मी एकदा सुनावलं.

"मग? त्यायचं लोकायले ऐकू आलं. तुमचं नको येऊ?" वायर गुंडाळत ते म्हणाले.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, वाटायचे, आणि उरलेल्या गठ्ठ्यावर बसून आम्ही पोहे खायचो. 'तडजोड' हा शब्द आमच्या घरी शिव्यांमध्ये मोडायचा. अशा घरातल्या मुलीला काकांनी सहा-सात वर्षं सहन केलं. मागच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला त्या डब्याविषयीच लिहावं लागेल.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद पडला होता. मालक समझोता करायला तयार होता, आणि तो घ्यायचा की नाही हे कामगारांनी सभेत हात वर करून ठरवायचं होतं. कामगार संघटनेची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. पहिली सभा टिनाचं छप्पर असलेल्या एका मंगल कार्यालयात झाली. संघटनेचे अध्यक्ष तासभर गरजले. आवाज टिनावर आपटून परत यायचा आणि पुढच्या वाक्याच्या अंगावर पडायचा. शेवटी, बोलणी पुढे चालू ठेवायची का, एवढंच विचारलं गेलं. सगळे हात वर. मागे बसलेल्या पॅकिंगच्या बायांचेही हात वर. मी खूश झाले.

परतताना काका टेम्पोत वायरींची वेटोळी मोजत होते. सक्करदरा तलाव आल्यावर म्हणाले, "त्या बायायले मी विचारलं, हात काहून वर केला? तर म्हणे, पुढच्यायनं केला म्हणून. त्यायले एक शब्द समजला नाही पोरी. आज चाललं. पुढच्या सभेत त्यायच्या कामाचं ठरते. तवाही असंच झालं, तर ते पाप माह्यं."

दुसरी सभा आठ दिवसांवर होती. काकांनी ठरवलं, प्रोसेसर घ्यायचा.

प्रोसेसर म्हणजे माइकचे आवाज जिथे एकत्र येतात तो मिक्सर आणि स्पीकर यांच्या मधला डबा. कोणत्या स्पीकरला आवाज किती आणि केव्हा द्यायचा, हे त्यात ठरवून ठेवता येतं. मागच्या स्पीकरमधला आवाज कणभर थांबवून सोडला, की तो मंचाकडून येणाऱ्या आवाजाबरोबर कानात पोचतो आणि शब्दांची सरमिसळ कमी होते. टिन ज्या सुराला घुमतं तो सूर खाली आणता येतो. बर्डीवरच्या बाजारातल्या एका दुकानदाराने ओळखीखातर तीन डबे वापरून बघायला दिले. मला वाटलं, आता काका माहितीपुस्तकं वाचतील. त्यांची निवडायची रीत वेगळी होती.

पहिला डबा दिसायला देखणा. समोर पडदा, रंगीत दिवे, आठ-दहा गोल बटणं. काकांनी तो जोडलासुद्धा नाही.

"समोर बटन दिसलं का कार्यकर्त्याचं बोट पडलंच. नेता म्हणते आवाज वाढव, का त्याचा भाचा येते आन् सगळे बटन फिरवून जाते. नवरदेवाचे मामे तर त्याहून बेक्कार."

दुसरा भलामोठा, सोयींनी ठासून भरलेला. तो उचलताना काकांच्या कमरेतून आवाज आला. "हा स्टेडियमले लागते. आपल्याले चार स्पीकर, त्याले याचा काय उपयोग?"

तिसरा जेवणाच्या डब्याएवढा. समोर फक्त दोन बारके दिवे. सगळी जुळवणी लॅपटॉपवरून करायची, ती डब्यात साठवायची आणि वरून पासवर्डचं कुलूप लावून टाकायचं. काकांनी तो तळहातावर घेतला, चारी बाजूंनी पाहिला, आणि भाच्याला बोट घालायला कुठेच जागा नाही याची खात्री झाल्यावर पहिल्यांदा हसले.

त्या डब्यात लिमिटर नावाची एक सोय होती. आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती त्याला तिथेच थोपवते. हे ऐकल्याबरोबर मी पेटले.

"म्हणजे कामगारांचा आवाज दाबणार तुम्ही?"

"कामगारायचा नाही वं, तुह्या अध्यक्षाचा. तो माइक खाऊनच बोलते. मागच्या वेळी दोन स्पीकर जाळले त्यानं."

"आज अध्यक्ष, उद्या..."

"उद्या याच्यावर पत्रक काढजो. आता ती वायर धर."

सभेच्या आदल्या दुपारी आम्ही तो डबा घेऊन त्या रिकाम्या कार्यालयात गेलो. काकूही आल्या. सगळे साउंडवाले गाणं लावून पारख करतात. काकांचा गाण्यावर विश्वास नव्हता.

"गाणं सगळ्यायले पाठ असते. नाही ऐकू आलं तरी मनातल्या मनात पुरं होते. तू तुह्यं पत्रक वाच. ते कोणालेच पाठ नाही."

काकूंना शेवटच्या भिंतीशी सतरंजीवर बसवलं. त्यांनी सोबत मेथीची जुडी आणली होती. नियम असा, की समजलं नाही तर मेथीची काडी वर करायची.

मी माइकसमोर उभी राहिले. "भांडवलशाहीच्या निर्दय रथचक्राखाली पिढ्यान्‌पिढ्या भरडल्या जाणाऱ्या..."

काडी वर.

काकांनी लॅपटॉपवर काहीतरी हलवलं. मी पुन्हा वाचलं. काडी वर. काकांनी मागचे स्पीकर आणखी थोडे थांबवले, टिनाचा घुमणारा सूर आणखी खाली आणला. काडी वर. अर्धी जुडी निवडून झाली तरी माझं पहिलं वाक्य पुढे सरकेना. शेवटी काका स्वतः मागे चालत गेले.

"आता काय ऐकू नाही येऊन राहिलं?"

"ऐकू तर सगळं येते," काकू म्हणाल्या. "ही पोट्टी काय म्हणून राहिली तेच समजत नाही. कोण भरडून राहिलं? मालक का? मग मालक म्हण ना वं!"

काका माझ्याकडे आले आणि खूप वेळ पायाजवळची वायर सरळ करत राहिले. मग म्हणाले, "पोरी, डब्याचं काम झालं. आता तुह्यं बाकी आहे."

मी भांडले. भाषेच्या सपाटीकरणावर बोलले. काकूंनी काडी वर केली. संध्याकाळपर्यंत माझं आठ पानांचं पत्रक दीड पानावर आलं होतं, आणि प्रत्येक वाक्य कापताना मला अंगठा कापल्यासारखं वाटत होतं. त्यातल्या मालकाच्या समझोत्याच्या अटी मात्र एका दमात पार पडल्या, कारण त्या आधीच छोट्या होत्या. मालकांना पत्रकाची हौस नसते.

त्या अटी संघटनेला पसंत होत्या. मलाही. मीच, जिच्या घरी तडजोड ही शिवी होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालय खच्चून भरलं. पुढे पुरुष, मागे पॅकिंगच्या बाया. अध्यक्षांनी डब्याकडे पाहिलं. "एवढासाच? पुरते का?"

"साहेब, तुमचं जेवणही एवढ्याशाच डब्यातून येते," काका म्हणाले.

अध्यक्ष गरजले. डब्याने त्यांना मर्यादेत ठेवलं. त्यांनी दोनदा माइककडे संशयाने पाहिलं. मग मी अटी वाचल्या, एकेक, सावकाश. अध्यक्षांनी माइक घेऊन पुकारलं, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा!" पुढच्या ओळींतले हात उठायला लागले.

"थांबा गा!" शेवटच्या सतरंजीवरून एक बाई उठली. "ती तिसरी अट पुन्हा वाच वं पोरी."

मी वाचली. "सर्व कायम कामगारांना टप्प्याटप्प्याने कामावर घेतले जाईल."

"आन् आमी? बारा वर्षं झाले पेट्या भरून राहिलो, एक बाई तरी कायम आहे का आमच्यात?"

मंडळी, ती अट मी किमान वीस वेळा वाचली होती. स्वतःच्या हाताने पत्रकात उतरवली होती. मला काहीही दिसलं नव्हतं.

बाई बोलतच होती, पण तिच्याकडे माइक नव्हता आणि पुढचे शब्द टिन खात होतं. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "मागचे प्रश्न नंतर घेऊ." तेवढ्यात काका मिक्सरजवळून उठले. लॅपटॉपची एक कळ दाबली, मंचावर चढले, "साहेब, द्या जरा," म्हणाले आणि अध्यक्षांच्या मुठीतून माइक काढून घेतला. अध्यक्षांची मूठ तोंडासमोर तशीच राहिली.

ती कळ कशाची, हे मला नंतर काकूंनी सांगितलं. मागच्या स्पीकरजवळ माइक नेला की तो शिट्टी मारतो. म्हणून आदल्या दिवशी मी चहाला गेले असताना काकांनी मागून बोलणाऱ्यासाठी, मागचे स्पीकर हळू करणारी वेगळी जुळवणी डब्यात ठेवली होती आणि माइकला शेवटच्या भिंतीपर्यंत पुरेल एवढी वायर जोडली होती. तसं कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत मागून कोणी बोलणार नव्हतं.

समझोता त्या दिवशी मंजूर झाला नाही. पॅकिंगच्या बाया त्यात याव्यात म्हणून पुढे दोन महिने भांडावं लागलं. पण काका आठवले की मला दिसतं ते एवढंच. ते माइक घेऊन माणसांतून वाट काढत मागे निघाले आहेत. वायर लोकांच्या डोक्यांना अडकते आहे. आणि ज्या पुरुषांचे हात समझोत्यासाठी अर्धे उठले होते, ते आता पूर्ण वर गेले आहेत. ओळीमागून ओळ, हातावर हात, ती काळी वायर मागे सरकवत आहेत. काका शेवटच्या सतरंजीशी पोचले, माइक त्या बाईच्या हातात दिला आणि मंचावरून ती नीट दिसावी म्हणून स्वतः तिच्या पायाशी उकिडवे बसले.

"बोल बाई," ते म्हणाले, आणि ते सगळ्या सभेला ऐकू आलं.