अर्धा राहिलेला धवळा

रोह्याच्या डोंगरातल्या सात वाड्यांत बायजाने धवळा गायल्याशिवाय नवरा-नवरी बोहल्यावर चढत नसत. ठाकरांच्या लग्नात भट नव्हता. धवळे गाणारी धवलेरीच लग्न लावायची. आणि आवाज काय होता बाईचा! खाली ओढ्यावर पाणी भरणारी बाई घागर टेकवून ऐकत राहायची. मान एका लुगड्याचा आणि सूपभर तांदळांचा. बाकीचं वर्ष रानभाजी, सरपण आणि रोह्याचा बाजार.

मुलगा केरू कोलाडकडच्या एका रिसॉर्टवर बागकामाला होता. साहेब त्याला म्हणाले, पाहुण्यांना आईचं लग्नगाणं ऐकव, तुला कायम करतो. बायजाने विचारलं, लग्न कुणाचं? केरू दोन दिवस जेवला नाही. तेव्हा ती निघाली; हळदीची दोन थट्टेची गाणी म्हणायची आणि उठायचं, असं ठरवूनच.

पण समोर रिसॉर्टच्या हिरवळीवर दीडशे माणसं, अंगावर दिव्यांचा झोत, आणि सगळे गप्प. वाड्यांत स्पीकर आल्यापासून असं गप्प तिच्यापुढे कुणी बसलं नव्हतं. बाईला राहवलं नाही. तिने खरा धवळा धरला. डोंगरावरचा, ओढ्यावरचा, शिवेवरचा, एकेक देव नाव घेऊन बोलावला. टाळ्या कडकडल्या. तेवढ्यात जेवणं वाढली गेली आणि साहेबांनी माईक काढून घेतला.

बोलावलेले देव त्याच जागी, त्याच धवलेरीने गाऊन माघारी धाडायचे. तोवर तिने दुसऱ्या मांडवात उभं राहायचं नाही, अशी रीत. बायजा सकाळीच पुन्हा गेली. हिरवळीवर कुठल्याशा कंपनीची बैठक चाललेली. शनिवारी ये, असं सांगून तिला फाटकावरूनच परत पाठवलं.

वाडीतल्या गुणाजीच्या शांतीचं लग्न गुरुवारी होतं. शांतीच्या आईचंही बायजानेच लावलेलं. गुणाजी अंगणात आला, पण बसला नाही.

"आते, तुजं देव तिकडं हिरवळीवर बसल्यात. माज्या पोरीच्या मांडवात कोन यील?"

"शनवारपातूर थांब रे, गुणाजी."

"नवऱ्याला शुक्रवारपातूर सुट्टी हाय. त्येची कंपनी थांबंल व्हय?"

गुरुवारी शेजारच्या वाडीतली तरणी धवलेरी आली. बायजा घरात बसून ऐकत होती. पोरगी सुरात होती. पण कड्यावरच्या बायेचं, तिथल्या देवीचं, नाव गाळून पुढे गेली. बायजाच्या ते ओठांवर आलं. घेतलं असतं तर तीही बाय आली असती, आणि तिला बसवायला बायजाकडे मांडव नव्हता.

तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.